बसऱ्याला गेलेले पणजोबा : वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट कितपत कामाची?

शिरोळ, कागल, पन्हाळा पट्ट्यातल्या कितीतरी घरांत एवढंच उरलेलं असतं : "थोरले आबा बसऱ्याला (आजच्या इराकमधल्या आघाडीवर) गेले, ते गेलेच." नाव अर्धं, पलटण माहीत नाही, साल कुणालाच आठवत नाही. एवढ्या भांडवलावर शोध घ्यायचा तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची, वेबसाइट हा पहिला थांबा. शोध फुकट आहे.

मात्र ही मृतांची वही आहे, सगळ्या सैनिकांची नाही. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन मुदतींतल्या मृत्यूंचीच नोंद इथे मिळते. आबा लढून परतले आणि १९३० साली घरीच वारले असतील, तर निकाल शून्य येणार, आणि तो बरोबरच असणार. त्यावरून "ते लढाईत नव्हतेच" असं ठरवून भाऊबंदांत वाद घालू नये.

आडनावाने सुरुवात केली की हमखास फसगत होते. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते इंग्रजीत उतरलं. जाधवांच्या शेवटी कुठे 'व्ही', कुठे 'ओ'. काही नोंदींत आडनावच नसतं. नुसता 'रामा' आणि बापाचं नाव. म्हणून आडनावाचा रकाना रिकामा सोडा, कोणत्या देशाच्या फौजेत याला 'इंडियन' निवडा, महायुद्ध निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात गाव किंवा तालुका टाका. 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, कोल्हापूर' हा मजकूर तिथेच असतो. सगळ्या नोंदींना तो नाही, हे या वेबसाइटचं सर्वांत मोठं दुखणं. गावाचं स्पेलिंगही तीन-चार तऱ्हांनी टाकून पाहा. यादी लांबली तर ती डाउनलोड करून एक्सेलमध्ये पलटणीप्रमाणे लावता येते. ही सोय खरंच उत्तम.

पलटणींच्या आकड्यांत मात्र डोकं शांत ठेवा. पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या फेररचनेत त्यांची मिळून '५ मराठा लाइट इन्फन्ट्री' ही एकच रेजिमेंट झाली. १०३ ची पहिली बटालियन, ११७ ची पाचवी. घरच्या कागदावर '५/५' आणि नोंदीत '११७' असेल तर पलटण एकच. इराकमधल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उरलेले कैदेत गेले. शोध मराठा पलटणींपुरताच ठेवू नका. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ महार, खडकीचे सॅपर्स (फौजेसाठी पूल-रस्ते बांधणारे), खेचरांचे तांडे हाकणारे, लेबर कोअरचे मजूर हेही 'लढाईवर गेलेले'च.

नोंद सापडली की स्मारकाचं नाव वाचा. बसरा मेमोरियल असेल तर भिंतीवर नाव शोधायला जाण्यात अर्थ नाही. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. नावं रजिस्टरात राहिली, आणि तीच या डेटाबेसमध्ये वाचायला मिळतात. नव श्यापेलला, म्हणजे फ्रान्सच्या आघाडीवर, तसं नाही. तिथे ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचं स्मरण आहे, नावानिशी.

एकाच नावाचे चौघे निघाले तर निवाडा रेजिमेंटल नंबर, म्हणजे सैनिकाचा पलटणीतला क्रमांक, करतो. तो घरातच असू शकतो, पदकाच्या कडेवर. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर, तर १९१४-१५ स्टारच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण उमटवलेली असते. पदक चिंच-राखेने घासू नका, अक्षरं झिजतात. टॉर्च तिरका धरा आणि भिंगातून वाचा. नंबर प्रत्येक पलटणीचा वेगळा चाले, त्यामुळे पलटणीशिवाय नंबर निरुपयोगी.

लढाईत कामी आलेल्यासाठी या वेबसाइटला पाचपैकी चार गुण. एक गुण गावांच्या अपुऱ्या नोंदींमुळे कापला. परतलेल्यासाठी फार तर एक. त्याच्यासाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, हुद्दा, बापाचं नाव, गाव आणि नात्याचा पुरावा जोडून अर्ज करावा. राजाराम रायफल्सचा शिपाई असेल तर ती करवीर संस्थानची स्वतःची पलटण, पुढे तिची १९ मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. तेव्हा कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानचं दप्तर पाहायला हवं. मृत्यूची तारीख हवी असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक मागा. जुनी पानं मोडीत असतात, मोडी वाचणारा माणूस सोबत न्या. तारखेचा अंदाज नसेल तर दहा वर्षांची पानं चाळायची तयारी ठेवा, आणि मयताच्या रकान्याबरोबर बापाचं नावही जुळवून पाहा.