गोल्डी लॉरीकीट की कॉकटेल? मुंबईच्या फ्लॅटचा विचार करून

आपला कंठवाला पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे आता बऱ्याच जणांना कळलंय. मग नजर परदेशी पक्ष्यांकडे वळते आणि खिशात चार पैसे जास्त असलेला माणूस बजरीगर-कॉकटेल (कॉकटिएल) हे लहान पोपट ओलांडून थेट लोरीपाशी, म्हणजे मकरंद खाणाऱ्या पोपटांपाशी, येतो. मोठ्या लोरी ओरडून बिल्डिंग डोक्यावर घेतात, म्हणून कुणीतरी सुचवतं, त्यांच्यातलाच गोल्डी लॉरीकीट घे, छोटा आहे, त्यामानाने शांत आहे. दोन्ही खरं आहे. तरी माझं मत आधीच सांगून टाकतो: दिवसभर घराला कुलूप असेल तर गोल्डी नको, कॉकटेल घ्या.

कारण त्याच्या पोटात आहे. गोल्डी लॉरीकीट मूळचा न्यू गिनी बेटाच्या मधल्या डोंगररांगांतला. १८८२ साली शार्प या इंग्रज पक्षितज्ज्ञानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि तिथे प्राणी-पक्षी गोळा करणाऱ्या अँड्र्यू गोल्डीचं नाव त्याला मिळालं. साधारण १००० ते २८०० मीटर उंचीवरची दमट, धुक्याची जंगलं हे त्याचं घर. आपलं महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे. त्याच्या दुप्पट उंचीपर्यंत हा पक्षी फिरतो. लांबी १९ सेंटिमीटर, वजन जेमतेम ५०-६० ग्रॅम. माथा लाल, त्यामागे निळी-जांभळी पट्टी, गालांवर गुलाबी-जांभळट छटा आणि पिवळसर हिरव्या पोटावर गडद हिरव्या रेघा. फुलोरा जिकडे, थवा तिकडे. जिभेच्या टोकाला ब्रशसारखे तंतू असतात, त्यांनी तो मकरंद आणि पराग टिपतो. प्रथिनं मुख्यतः परागांतून मिळतात. कडक दाणे दळायला लागते तशी दणकट पेषणी (पोटातला दळणारा अवयव) त्याला नाहीच.

कॉकटेल ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. जमिनीवर उतरून गवताचं बी टिपायचं आणि पाणी असेल तिकडे भटकायचं. शेपटीसकट तीसेक सेंटिमीटर लांब, वजन ८० ते १०० ग्रॅम.

आता हे दोघं मालाड-डोंबिवलीच्या हॉलमध्ये आणा. कॉकटेलला बाजरी-राळ्याचं मिश्रण, थोडी पालेभाजी आणि स्वच्छ पाणी ठेवून तुम्ही आठ सत्तावन्नची लोकल पकडू शकता. (नुसत्या दाण्यांवर ठेवू नका, सूर्यफुलाच्या बियांवर तर मुळीच नाही.) गोल्डीला तयार मकरंद-पावडर पाण्यात कालवून द्यावी लागते आणि मे महिन्यात ते मिश्रण काही तासांत आंबतं. सकाळची वाटी दुपारी तशीच राहिली, तर बुरशी आणि जंतूंचा त्रास ठरलेला. पावसाळ्यात पावडरच्या गुठळ्या होतात, म्हणून डबा फ्रिजमध्ये. गोडाला मुंग्या लागतात, त्यामुळे स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. ते पाणीही रोज बदलायचं, नाहीतर डासांच्या अळ्या शोधत येणारे महापालिकेचे लोक तुम्हालाच धारेवर धरतील. घरचा मध-साखरेचा पाक हा काही पर्याय नव्हे. लोरींच्या यकृतात लोह साठून आजार होतो, म्हणून लोहयुक्त बेबीफूड वगैरेही देऊ नका.

खाणं पातळ, तसंच बाहेर पडणारंही पातळ, आणि पिचकारी पिंजऱ्याबाहेर जाते. मागची भिंत टाइल्सची असेल तर ओल्या फडक्यानं काम भागतं. पांढरा डिस्टेंपर असेल तर घरातली शांतता लवकर संपेल. कॉकटेलचा पसारा कोरडा असतो, पण त्याच्या पिसांतून सतत पांढरी पूड झडते. टीव्हीवर, पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसतो. घरात दम्याचा माणूस असेल तर कॉकटेलच नको, या बाबतीत गोल्डी सरस.

आवाजाचं म्हणाल तर गोल्डीची चिवचिव बारीक आणि तीव्र असते, पण शेजारी सेक्रेटरीकडे जाईल इतकी नाही. कॉकटेलचा नर शिट्ट्या मारतो, सूर उचलतो. रात्री दचकला की मात्र अंधारात पिंजऱ्यावर आपटून रक्तबंबाळ होतो. दिवाळीच्या फटाक्यांत मंद दिवा चालू ठेवावा लागतो. बोलका पोपट हवा असेल तर दोघंही तुमची निराशाच करतील.

खेळकरपणात गोल्डीला तोड नाही. उलटा लटकतो, पाण्यात मनसोक्त भिजतो, रात्री लाकडी पेटीत शिरून झोपतो. पण थव्यात राहणारा हा जीव एकटा आणून दिवसभर भिंतीकडे बघत बसवायचा, हे मला पटत नाही. आणायचा तर जोडी आणा. नर-मादी नुसतं पाहून कळत नाही, डीएनए तपासणी लागते. ग्रिलमध्ये पिंजरा टांगू नका. ऊन सोसत नाही, वर कावळे टपलेले. मोकळा सोडताना सीलिंग फॅन बंद, आणि स्वयंपाकघर हॉललाच लागून असेल तर नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नका. त्याच्या धुरानं दोन्ही पक्षी मरतात.

कागदपत्रांत सगळ्यात मोठा फरक. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स (CITES) करारात जवळपास सगळे पोपट आहेत, त्यातून कॉकटेल आणि बजरीगर वगळलेत. गोल्डी या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो. म्हणून वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम त्याला लागू होतात: ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी. विकणारा "बिलाची काय गरज" म्हणाला तर तिथूनच मागे फिरा.

एवढं वाचूनही गोल्डीच हवा असेल, म्हणजे घरी दिवसा माणूस आहे, कोपरा टाइल्सचा आहे आणि पावडर नियमित मिळायची सोय झालीय, तर पायात बंद (जोड नसलेली) कडी आहे ना ते पाहा, नर-मादी सांगणारं डीएनए कार्ड मागा आणि पक्षी सध्या जी पावडर खातोय तिचाच एक डबा सोबत घ्या. पावडर बदलायचीच असेल तर पक्षी घरात रुळल्यावर, जुन्यात थोडी थोडी मिसळत.