8 महिने लॉ सीईटीची टेस्ट सिरीज वापरली, मराठी माध्यमवाल्यांनी घ्यावी का ते सांगते

सप्टेंबर 2024 मध्ये मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीसाठी, म्हणजे पदवीनंतर कायदा शिकायला द्यावी लागणाऱ्या राज्याच्या प्रवेश परीक्षेसाठी, एक ऑनलाइन टेस्ट सिरीज घेतली. 1,799 रुपये, वर्षभराची व्हॅलिडिटी, 40 फुल मॉक (पूर्ण सराव पेपर), सेक्शनच्या टेस्ट वेगळ्या, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘इंग्रजी + मराठी’. खरं सांगायचं तर त्या मराठीसाठीच पैसे भरले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर अभ्यासिकेतल्या दोघींची ॲप्स बघितली तर तिथेही थोड्याफार फरकाने हेच होतं, त्यामुळे एकीला धरून उपयोग नाही.

आधी माझं सांगते म्हणजे कुणाला हा अनुभव लागू पडतो ते कळेल. मी सोलापूरची, पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळा मराठी मीडियम, बीकॉम अर्धं मराठी नोट्सवर अर्धं इंग्रजी. दिवसा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. अभ्यास सकाळी साडेपाच ते साडेसात घरी आणि रात्री आठ ते साडेदहा अभ्यासिकेत, कारण आमच्या गल्लीत रात्री पण माग चालू असतात आणि त्या खटखटीत पॅसेज वाचला की परत पहिल्या ओळीवर यावं लागतं. क्लास लावायला ना वेळ होता ना पैसे, म्हणून ही सिरीज म्हणजेच माझा क्लास.

पहिला महिना चांगला गेला. ॲप लवकर उघडतं, टायमर नीट चालतो, टेस्ट मध्येच बंद पडली तर तिथूनच सुरू होते, रिझल्ट लगेच. इंग्रजीच्या टेस्ट खरंच चांगल्या आहेत, व्याकरणाच्या प्रत्येक प्रश्नाखाली नियम लिहिलेला असतो. तीन वर्षांच्या एलएलबीच्या पेपरात 120 पैकी 40 प्रश्न इंग्रजीचे आहेत, म्हणजे तिसरा हिस्सा, त्यामुळे एवढ्यासाठी सुद्धा पैसे थोडे वसूल झाले असं म्हणेन.

पण मराठीवर टाकलं की सगळं बिघडायचं. दुसऱ्याच मॉकमध्ये प्रश्न आला, ‘किरकोळने केलेला करार कसा असतो?’ मी पाच मिनिटं बघत बसले, किरकोळ म्हणजे कोण. मग इंग्रजीवर करून बघितलं तर तिथे ‘मायनर’. कायद्याच्या मराठीत मायनरला ‘अज्ञान’ म्हणतात, म्हणजे 18 पूर्ण न झालेला. अज्ञानाचा करार मुळातूनच शून्य, हे 1903 च्या मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, सांगितलंय, सगळ्यात पहिल्यांदा शिकायची गोष्ट आहे ही, मला ती येत होती, पण प्रश्नच कळला नाही म्हणून मार्क गेला. त्यानंतर मी लक्ष ठेवून बघायला लागले. कन्सिडरेशन म्हणजे ‘प्रतिफल’ (करारात एकमेकांना बदल्यात जे देतात ते), ॲपमध्ये ‘विचार’. सूट म्हणजे ‘दावा’, ॲपमध्ये ‘खटल्याचा पोशाख’. सेंटेन्स म्हणजे शिक्षा, तिथे ‘वाक्य’, आरोपीला सात वर्षांचं वाक्य सुनावलं. आणि डिक्रीचं एक्झिक्युशन म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, तिथे ‘हुकुमाची फाशी’. हे वाचून मला राग आला तो अजून आहे. ज्या पोरांचं इंग्रजी पक्कं आहे ती भाषा बदलून पुढे जातात, पण जी मराठीवरच अवलंबून आहेत त्यांना वाटतं की कायदाच आपल्याला कळत नाही, आपली तेवढी कुवत नाही. मला पण दिवाळीपर्यंत असंच वाटत होतं. ऑक्टोबरमध्ये तर घरी सांगून पण टाकलं होतं की या वर्षी फॉर्म भरत नाही.

फरक पडला तो एका साध्या गोष्टीने. कारखान्यात मालकांचे वकील येतात कधीतरी, वयस्कर आहेत, मी त्यांना मोबाइलवर ते ‘विचार’वालं दाखवलं. ते म्हणाले, “पोरी, हे मराठी कुठल्याच कोर्टात चालत न्हाई, तू कशाला घाबरालीस? भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश बघ.” शासनाने काढलेला कायद्याच्या शब्दांचा कोश आहे तो, मला तोपर्यंत माहीतच नव्हता. त्या रात्रीपासून मी एक 200 पानी वही केली, डाव्या पानावर इंग्रजी शब्द देवनागरीत, उजव्या पानावर कायद्यातला खरा मराठी शब्द आणि खाली एक ओळ उदाहरण, ते पण आपल्या आसपासचं. टॉर्ट = अपकृत्य. डिफेमेशन = अब्रूनुकसानी. कॉग्निझेबल = दखलपात्र. व्हॉइड = शून्य, व्हॉइडेबल = शून्यकरणीय, या दोघांत माझा कायम गोंधळ व्हायचा. मग असं लिहिलं की 17 वर्षांच्या पोराने टॉवेलची ऑर्डर सही करून दिली तर शून्य, आणि मोठ्या माणसाकडून दमदाटी करून सही घेतली तर शून्यकरणीय, म्हणजे त्याने ठरवायचं करार ठेवायचा का मोडायचा. त्यानंतर चुकलं नाही.

मे महिन्यापर्यंत त्या वहीत 412 शब्द झाले. आई विड्या वळत बसायची आणि मांडीजवळ वही उघडी ठेवून मला विचारायची, तिला मराठी वाचता येतं पण सावकाश, तिने एकेक अक्षर लावून ‘प्र-ति-फ-ल’ म्हणेपर्यंत मी तेलुगूत त्याचा अर्थ सांगायचे. तिला पटला नाही तर ती पुढचा शब्द विचारायचीच नाही. माझी सगळ्यात कडक टेस्ट हीच होती. तिला कळेल असं सांगता आलं तरच मला तो शब्द आला असं मी धरायचे.

आता सिरीजच्या बाकीच्या अडचणी. एक म्हणजे जुना कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा पण बदलले, आणि मी सिरीज घेतली सप्टेंबरमध्ये, तरी निम्म्याहून जास्त मॉकमध्ये कलम 302 आणि 420 च. आता खून 103 ला आहे, फसवणूक 318 ला, अब्रूनुकसानी 499 ची 356 झाली, हयगयीने मृत्यू 304 अ वरून 106 वर आला. पूर्वी 511 कलमं होती, आता 358. मी वहीच्या मागच्या बाजूने जुनं-नवं असं कोष्टक केलं आणि प्रत्येक मॉकचं उत्तर त्यावरून तपासलं. यात वेळ गेला, पण दोन्ही आकडे पाठ झाले ते आता कॉलेजात कामाला येताहेत कारण जुने निकाल सगळे जुन्याच कलमांत आहेत.

दुसरं, पेपर 150 वरून 120 प्रश्नांचा झाला, वेळ तोच 2 तास. म्हणजे एका प्रश्नाला 48 सेकंदांऐवजी पूर्ण मिनिट मिळतं. सिरीजवाल्यांनी काय केलं, जुन्या मॉकमधले शेवटचे 30 प्रश्न नुसते कापले, त्यामुळे कुठे जीके कमी तर कुठे लॉजिकल जवळपास गायबच. खऱ्या पेपरात लीगल 24, जीके 32, लॉजिकल 24 आणि इंग्रजी 40 असं आहे. मी मार्चपासून सेक्शनच्या वेगळ्या टेस्टमधून हाच हिशोब जुळवून स्वतःचे मॉक लावले.

तिसरी गोष्ट जास्त नुकसानीची होती. या लोकांचं बरंच मटेरियल मुळात क्लॅटचं आहे. क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा, तिथे मोठे मोठे उतारे आणि चुकलं की पाव मार्क कट, आणि पेपर फक्त इंग्रजीत. आपल्या सीईटीला निगेटिव्ह मार्किंगच नाही! पण ॲपमध्ये काही टेस्टला क्लॅटचीच सूचना होती, ‘खात्री नसेल तर सोडा’, आणि मी पहिल्या मॉकमध्ये 19 प्रश्न कोरे सोडले. ही सवय मोडायला मला महिनाभर लागला, हात थांबायचाच. शेवटची पाच मिनिटं फक्त कोरे प्रश्न शोधायला ठेवायची असा नियम केला आणि तो खऱ्या पेपरात पाळला.

मॉक मी एकूण 34 दिले, 40 नाही झाले. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, घरात पाहुणे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गेले नाही असं एकही वर्ष नाही, मग यंदा पण गेले आणि दहा दिवस एकच मॉक झाला. त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. उलट त्याच दहा दिवसांत एक गोष्ट डोक्यात बसली. 12 जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला हार घालतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, 1931 ला याच तारखेला येरवड्यात फाशी दिलेले. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला होता हे लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या दिवशी तिथे उभी असताना पहिल्यांदा डोक्यात आलं की आपल्या राज्यघटनेत मार्शल लॉचा उल्लेख कलम 34 मध्ये आहे. रोज पाठ करून विसरायचे ते कलम, आता मरेपर्यंत विसरणार नाही. कुणाला कलमं लक्षात राहत नसतील तर हे करून बघा, आपल्या गावातली, आपल्या घरातली एखादी घटना शोधून तिला ते कलम बांधा. माझ्या भावाला 14 वर्षांचा असताना मागावर बसवायचं घरी चाललं होतं, तो शाळेत राहिला, म्हणून मला मोफत शिक्षणाच्या हक्काचं कलम 21 अ आणि ते आणणारी 2002 ची 86 वी घटनादुरुस्ती लक्षात आहे.

मॉकमध्ये मार्क वाढले ते मॉक जास्त दिल्याने नाही हे पण सांगते. नोव्हेंबर-डिसेंबरात आठवड्याला तीन द्यायचे आणि 62 ते 68 मध्येच फिरायचे. फेब्रुवारीपासून आठवड्याला एकच, आणि पुढचे दोन दिवस फक्त चुका बघायच्या, कायदा आला नाही म्हणून चुकलं का शब्द कळला नाही म्हणून का घाईत. फेब्रुवारीच्या पहिल्या मॉकमध्ये 14 चुका निव्वळ शब्दामुळे होत्या. एप्रिलच्या शेवटी स्कोअर 91 ला आला.

अजून एक, सिरीज मी मोबाइलवर सोडवली आणि परीक्षा कॉम्प्युटरवर. स्क्रीन मोठी, माउस, प्रश्नांचे नंबर बाजूला, डोळा कुठे ठेवायचा तेच कळत नाही. मी शेवटचे चार मॉक सात रस्त्याजवळच्या नेट कॅफेत जाऊन दिले, तासाला 30 रुपये, ते पैसे जरूर घाला.

मेच्या सुरुवातीला पेपर झाला. इंग्रजी-मराठी दोन्ही होतं, आणि खऱ्या पेपरातलं मराठी ॲपपेक्षा कितीतरी नीट होतं, ‘अज्ञान’ हा शब्द समोर दिसला तेव्हा फार बरं वाटलं. एक पण प्रश्न कोरा नाही सोडला. पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज मनात होतं, तेवढा स्कोअर आला नाही, याचं दुःख आहे, ते लपवत नाही. पण सोलापुरातच ॲडमिशन झालं, नोकरी अर्धवेळ करून घेतली आणि आता सकाळी लेक्चरला बसते. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय, त्यात आपला सोलापूर जिल्हा पण आहे (पुढच्या बॅचने हे चालू घडामोडींत नक्की करा, सहा जिल्हे कुठले ते पण), म्हणजे इथे शिकून हायकोर्टात उभं राहायला मुंबईच गाठायला हवी असं राहिलं नाही.

सिरीजच्या लोकांना मी रिपोर्टचं बटण दाबून 46 चुकीची भाषांतरं कळवली होती, प्रत्येकाखाली बरोबर शब्द लिहून. ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर यायचं. व्हॅलिडिटी संपायच्या आधी परत उघडून मोजलं, 9 दुरुस्त झालेत, ‘हुकुमाची फाशी’ तशीच आहे. वही अभ्यासिकेतल्या त्या दोघींकडे दिलीय, झेरॉक्स काढून घेतात एकेक पान.

तुम्ही कुठलीही सिरीज घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी त्यांचा फ्री मॉक उघडा, भाषा मराठी करा आणि करार कायद्याच्या प्रश्नात मायनरला काय लिहिलंय ते बघा. ‘अज्ञान’ लिहिलं असेल तर घ्या. ‘किरकोळ’ किंवा ‘लहान’ असेल तर त्या पैशात वही, बेअर ॲक्ट (कायद्याचं मूळ पुस्तक) आणि नेट कॅफेचे तास येतात.