घड्याळजी पूर्वजाचा शोध: संघाची दप्तरे की करवह्या?

अठराव्या शतकातील इंग्लंडमधल्या घड्याळजी पूर्वजाचा माग काढण्यासाठी उमेदवारीच्या, म्हणजे उस्तादाकडे राहून धंदा शिकण्याच्या, नोंदींचे दोन संच हाताशी असतात. पहिला लंडनच्या क्लॉकमेकर्स कंपनीचा, म्हणजे १६३१ च्या राजसनदेने स्थापन झालेल्या व्यवसायसंघाचा. मुलगा कोणत्या उस्तादाकडे राहिला आणि पुढे संघात केव्हा दाखल झाला, हे त्यात सापडते. मात्र या संघाचा अधिकार लंडन आणि भोवतालच्या दहा मैलांपुरताच होता, शिवाय लंडनमधलेही कित्येक घड्याळजी लोहारांच्या किंवा अन्य संघांत नोंदलेले असत. त्यामुळे येथे नाव नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा संच लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील करवह्यांचा. १७१० पासून उस्तादाला दिल्या जाणाऱ्या उमेदवारीच्या शुल्कावर मुद्रांककर लागला आणि त्याच्या देशभरातील नोंदी १८११ पर्यंत आहेत. उस्तादाचे नाव, धंदा, गाव, शुल्काची रक्कम आणि साधारण १७५२ पर्यंत उमेदवाराच्या वडिलांचेही नाव त्यांत मिळते. वंशावळ जुळवणाऱ्याला खरे मोल या शेवटच्या नावाचे. पण वडिलांकडेच धंदा शिकलेला मुलगा यांत बहुधा नसतो, कारण शुल्कच नसेल तेथे कर कसला! पूर्वज कॉव्हेंट्री किंवा प्रेस्कट अशा लंडनपासून दूरच्या घड्याळकामाच्या गावचा असेल, तर मी करवह्याच आधी उघडीन.