फ्री डिशसाठी साधा बॉक्स की एमपेग-४?

डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह टीव्ही सेवेसाठी जुन्या पद्धतीचा एमपेग-२ बॉक्स घ्यावा की एमपेग-४ (एमपेग म्हणजे चित्र-आवाज दाबून पाठवण्याची पद्धत), असा प्रश्न गावाकडच्या काकांनी विचारला. मासिक शुल्क दोन्हींना नाही, आणि छतावरची तबकडी तीच, जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवलेली, चालते. त्यामुळे खर्चातला फरक केवळ बॉक्सच्या किमतीचा, तोही थोडाच.

खरा फरक वाहिन्यांचा आहे. एमपेग-४ बॉक्स दोन्ही प्रकारचे प्रक्षेपण उलगडतो, तर एमपेग-२ बॉक्सला फक्त जुन्या प्रकारचेच उलगडता येत असल्याने दूरदर्शनची एचडी वाहिनी त्यावर दिसतच नाही. बॉक्सवर ठळक छापलेल्या वाहिन्यांच्या आकड्यावर मात्र जाऊ नये. वाहिन्या प्रसारक ठरवतो, बॉक्स नव्हे. जोडणी पाहता, साध्या बॉक्सला बहुधा तीन रंगी पिनांचीच वायर असते, आणि नव्या टीव्हीवर तिचे चित्र पसरट, धूसर दिसते. एमपेग-४ बॉक्सच्या एचडीएमआय जोडणीवर, म्हणजे चित्र-आवाज एकत्र नेणाऱ्या एकाच वायरीवर, ते स्वच्छ येते. पावसाळ्यात मुसळधार सरीत चित्र अडखळते, त्यावर दोघांकडेही उपाय नाही.

घरी जुना डबा टीव्ही असेल आणि बातम्या, मालिका एवढेच पाहायचे असेल, तर साधा बॉक्स पुरे. सपाट टीव्ही असेल किंवा लवकरच घ्यायचा असेल, तर एमपेग-४ घ्यावा. फक्त त्याला एव्ही, म्हणजे तीन रंगी पिनांची, जोडणीही आहे ना, हे दुकानातच पाहावे.