घरात कमी वयात हार्ट अटॅक: साधी रक्ततपासणी की जनुक चाचणी?
वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल, तर तुमचाही धोका वाढलेला धरतात. अशा घरातली तरुण मुलं हल्ली थेट जनुक चाचणीची चौकशी करतात. माझं स्पष्ट मत: आधी रक्त तपासा.

लिपिड प्रोफाइलमध्ये (रक्तातल्या चरबीची तपासणी) उपचार नसताना एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं, तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा संशय घ्यायलाच हवा. साधारण अडीचशे माणसांत एकाला हा दोष असतो. यकृताच्या पेशी रक्तातलं एलडीएल पुरेसं उचलत नाहीत आणि ते जन्मापासून धमन्यांत साचत राहतं. कधी टाचेमागची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) चिमटीत धरली की फुगीर, गाठाळ लागते. ती डॉक्टरांना जरूर दाखवा.

सोबत लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण, तपासायला सांगा. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये ते नसतं. ते बहुतांशी जनुकांवर ठरतं, पथ्याने फारसं हलत नाही, म्हणून सहसा आयुष्यात एकदा मोजलं की पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर बीपी, साखर आणि एलडीएलवर जास्त कडक लक्ष हवं.

जनुक चाचण्या दोन तऱ्हेच्या. एलडीएलआर, एपीओबी, पीसीएसके९ या जनुकांची चाचणी एलडीएल फार चढं असेल तेव्हा खरंच उपयोगी, कारण दोष सापडला तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. लहान वयातच उपचार सुरू करता येतात. मात्र दोष सापडला नाही म्हणून चढं एलडीएल निरुपद्रवी ठरत नाही.

दुसरी म्हणजे शेकडो-हजारो बारीक फरकांची बेरीज करून काढलेला ‘जोखीम स्कोअर’. तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेला, आपल्याकडे तितका भरवशाचा नाही. यावर आज पैसे घालू नका.

इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातला पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी, इतरत्र ५९ च्या आसपास दिसला. त्यामागे तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर अशी ओळखीची कारणंच मुख्य होती. घराण्यात आजार असलेल्याने मिश्री-सिगारेट आजच सोडावी, रिपोर्टची वाट पाहू नये.

आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आधीच चालू असेल, तर आजचं एलडीएल खरं चित्र दाखवत नाही. गोळी सुरू होण्यापूर्वीचा जुना रिपोर्ट शोधून सोबत न्या.