दोन मात्रा, बारा बैठका : दारूच्या व्यसनावरील सायलोसायबिन उपचाराचे परीक्षण

‘मशरूममधल्या द्रव्याने दारू सुटते’ एवढेच सायलोसायबिन या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याच्या उपचाराविषयी बहुधा कानावर येते. न्यूयॉर्क विद्यापीठाचे डॉ. मायकेल बोगेनशुट्झ यांच्या नेतृत्वाखाली झालेली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जामा सायकियाट्री’ या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली चाचणी बारकाईने वाचली, तर रुग्णसेवा म्हणून ती किती विस्तृत होती हे लक्षात येते.

रुग्णाला समुपदेशनाच्या १२ बैठका मिळत : चार पहिल्या मात्रेपूर्वी, चार दोन मात्रांच्या मधल्या काळात आणि चार दुसरीनंतर. मात्रेच्या दिवशी तो डोळ्यांवर पट्टी बांधून, संगीत ऐकत दिवसभर पडून राही आणि दोन उपचारक, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ, त्याच्या सोबतीला असत. दारूच्या रुग्णाकडे इतका वेळ बसून लक्ष देणे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात शक्यच नसते. म्हणून मला ही या सेवेची सर्वांत भक्कम बाजू वाटते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार यांसारखे गंभीर मनोविकार असलेल्यांना प्रवेश नव्हता, हेही योग्यच.

परिणाम उत्साहवर्धक आहेत. पहिल्या मात्रेनंतरच्या ३२ आठवड्यांत अतिमद्यपानाचे दिवस सायलोसायबिन घेणाऱ्यांत सरासरी ९.७ टक्के, तर त्याऐवजी डायफेनहायड्रामीन हे ॲलर्जीवरील औषध घेणाऱ्यांत २३.६ टक्के होते. मात्र आपल्याला कोणते औषध मिळाले हे ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांनी अचूक ओळखले, त्यामुळे अपेक्षेचा वाटा किती आणि द्रव्याचा किती, हा प्रश्न सुटत नाही. शिवाय दुसऱ्या गटाचे अतिमद्यपानही पूर्वीच्या तुलनेत ५१ टक्क्यांनी घटले. बैठका त्यांनाही तेवढ्याच मिळाल्या होत्या, आणि या घटीत त्या बैठकांचा मोठा हातभार असावा असे माझे मत आहे.

म्हणूनच अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात २०२३ पासून सुरू झालेली परवानाधारक केंद्रे मी दारूच्या रुग्णाला सुचवणार नाही. तेथे २१ वर्षांवरील व्यक्तीला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सायलोसायबिन घेता येते, सोबत बसणारा साहाय्यक डॉक्टर असावा लागत नाही, पूर्वतयारीची एक बैठक पुरते आणि नंतरची तर ऐच्छिकच असते. द्रव्य तेच असले, तरी व्यसनाच्या रुग्णाला ज्या सोबतीची गरज आहे ती तिथे मिळेलच याची खात्री नाही, आणि खर्चही स्वतःच्याच खिशातून करावा लागतो.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने सायलोसायबिनवर बंदी आहे, तेव्हा खासगीत कोणी ‘मशरूम थेरपी’ देऊ केली तर ठाम नकार द्यावा. डायसल्फिराम आणि नालट्रेक्सोन ही दारू सोडवण्यासाठीची औषधे मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने येथे मिळतात. आणि त्या चाचणीतील बैठकांसारखे, रुग्णाची स्वतःची इच्छा जागवणारे व विचारांच्या सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन आपल्या व्यसनमुक्ती केंद्रांना आजच, कोणत्याही कायद्याच्या अडसराविना, देता येईल.