१४ शाळा, तीन कोटेशनं: नेटवर्कला कुलूप कुठलं लावायचं?

पुण्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या १४ शाळांचं नेटवर्क मी सांभाळतो. कोथरूडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या शाळा आहेत. फायरवॉलची (नेटवर्कच्या दारावर बसून येणारं-जाणारं तपासणाऱ्या बॉक्सची) कोटेशनं टेबलावर आली की संस्थेच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात स्वस्त कुठलं?" मग कोटेशनं शेजारी शेजारी ठेवून फक्त शेवटची ओळ वाचली जाते. पुढचं लिखाण त्या मधल्या, न वाचलेल्या ओळींबद्दल आहे.

पर्याय साधारण तीन असतात. मुख्य कार्यालयात एक मोठी फायरवॉल बसवून सगळ्या शाळांचं इंटरनेट तिच्यातून फिरवायचं. नाहीतर प्रत्येक शाळेत छोटी फायरवॉल. नाहीतर बॉक्सच न घेता वाईट साइट्सची नावं गाळणारी क्लाउडवरची डीएनएस सेवा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा). तिन्ही आम्ही कुठे ना कुठे वापरून बसलो आहोत.

कागदावर मोठा बॉक्स सगळ्यात देखणा. एक लायसन्स, एका जागी नियम, एका जागी लॉग (नेटवर्कवर काय घडलं त्याच्या नोंदी), बघायला एक माणूस. पण पुण्यात गुरुवार असतो. एका गुरुवारी मेंटेनन्ससाठी मुख्य कार्यालयाच्या भागातली लाइट सकाळीच गेली. यूपीएसने दीड तास काढला आणि मान टाकली. पाचच मिनिटांत मांजरी भागातल्या शाळेतून क्लार्कबाईंचा फोन, "सर, आमच्याकडे पंखे फिरतायत, मग नेट का नाही?" त्यांच्या काउंटरसमोर फी भरायला आलेले पालक उभे होते. त्यांचं इंटरनेट आधी पेठेतल्या मुख्य कार्यालयात येऊन मग बाहेर जातं, हे त्या रांगेला कोण समजावणार? रस्ता खोदताना फायबर तुटली तरी तीच गत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी आणि जनरेटर घेतला तर हा पर्याय चालतो, पण तो खर्च कोटेशनमध्ये नसतो. आणखी एक अडचण आहे. शाळेच्या आतल्या आत एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जे पसरतं, ते या लांबच्या बॉक्सला दिसतच नाही.

आतल्या आत म्हणजे काय, ते आमच्याच एका शाळेत बघितलं. जनरल रजिस्टरच्या कपाटामागे १६ पोर्टचा एक साधा नेटवर्क स्विच (वायरी एकत्र जोडणारा डबा), त्यावर बोटभर धूळ. त्यात फी काउंटरचा पीसी, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वर्गातले स्मार्ट टीव्ही आणि मुलांची लॅब, सगळ्यांच्या वायरी एकत्र. लॅबमधल्या वायरीला माझा लॅपटॉप लावला. डीव्हीआरचं पान उघडलं, पासवर्ड कंपनीतून आला तसाच होता. दोन मिनिटांत मी मुख्याध्यापकांच्या केबिनचा कॅमेरा बघत होतो. आठवीतल्या पोरालाही हे जमलं असतं. कदाचित जमलंही असेल.

म्हणून माझं मत छोट्या बॉक्सकडे झुकतं. शाळेतच फायरवॉल असली आणि तिच्या जोडीला मॅनेज्ड स्विच (ज्याच्या पोर्टांचे गट पाडता येतात असा) घेतला, तर ऑफिस, लॅब, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय अशी चार वेगळी व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर एकमेकांपासून तोडलेली नेटवर्क, करता येतात. लॅबमध्ये पेनड्राइव्हमधून काही शिरलं तरी ते फीच्या पीसीपर्यंत जात नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) जगभर पसरला, तो असाच, फाइल शेअरिंगच्या जुन्या दारातून, एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच दिला होता. विंडोज १० चे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि आमच्या लॅबमधली निम्मी मशीन अजून त्यावरच आहेत. सगळी एकदम बदलायला पैसे नाहीत. निदान त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये कोंडता येतं.

छोटे बॉक्स घेताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली वेगाची. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात असतो तो नुसत्या फायरवॉलचा वेग. उदाहरणार्थ, फोर्टिगेट ६०एफ हे छोट्या फायरवॉलचं मॉडेल. तिथे १० जीबीपीएस लिहिलंय, पण व्हायरस, घुसखोरी वगैरे सगळ्या तपासण्या चालू केल्या की कंपनीचाच आकडा ७०० एमबीपीएसवर येतो. शाळेच्या लाइनला तो पुरतो, पण आकडा कुठला वाचायचा ते माहीत हवं. दुसरी लॉगची. त्याच ६०एफमध्ये लॉग साठवायला डिस्क नाही, ६१एफमध्ये आहे. एका अंकाचा फरक. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलंय. आपली संस्था त्यात नेमकी कशी बसते ते वकिलांना विचारा. लॉग मात्र ठेवाच. लॉगच नसेल तर काय कळवणार? आणि हो, वर्षाचं रिन्युअल चुकलं तर बॉक्स चालू दिसतो, दिवे लुकलुकतात, पण नव्या धोक्यांची ओळख त्याला मिळणं बंद झालेलं असतं. १४ बॉक्स म्हणजे १४ तारखा. सगळ्या एका महिन्यात आणून घ्या.

ओपीएनसेन्स हे फुकटातलं फायरवॉल सॉफ्टवेअर जुन्या पीसीवरही छान चालतं. ज्या मुलाने बसवलं तो हिंजवडीत नोकरीला लागेपर्यंत.

डीएनएस गाळणीचं थोडक्यात. राउटरमध्ये क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ टाकला की मालवेअरच्या आणि प्रौढांच्या साइट्स बंद होतात, तेही फुकट. काम दहा मिनिटांचं. पण गाळणीला फक्त साइटचं नाव दिसतं, आत काय चाललंय ते नाही. मुलांनी व्हीपीएन ॲप (सगळं नेट लपवून दुसऱ्या वाटेने नेणारं) टाकलं किंवा ब्राउझरमधलं सुरक्षित डीएनएस चालू केलं की गाळणी बाजूला राहते. दोन वर्गांच्या बालवाडीला हे पुरे. मोठ्या शाळेत बॉक्सच्या जोडीला ठेवा, बॉक्सऐवजी नको.

आता मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही ती गोष्ट. पुण्याला कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवत असेल. सायबर हल्ल्यात ९४ कोटी गेले, सुरुवात ११ ऑगस्ट २०१८ ला, दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असताना. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांवर २०२२ मध्ये रॅन्समवेअर पडलं तेही सप्टेंबरातल्या जोडून आलेल्या सुट्टीत. चोर मात्र जुलैअखेरपासून आत होते. अमेरिकेतला दुसऱ्या क्रमांकाचा शाळा-जिल्हा तो, त्यांच्याकडे फायरवॉल नसेल का? म्हणून पर्याय तोलताना विचारा, दिवाळीच्या सुट्टीत अलर्ट आला तर तो कोणाच्या मोबाइलवर वाजणार? मोठ्या बॉक्सला एकच पडदा असतो. छोट्या बॉक्सना एकत्र दाखवणारं क्लाउड कन्सोल वेगळ्या पैशात मिळतं. ते घेणार नसाल तर १४ बॉक्स म्हणजे १४ बंद डोळे.

पॉवरस्कूल या शाळांच्या सॉफ्टवेअर कंपनीतून डिसेंबर २०२४ मध्ये कोट्यवधी मुलांची माहिती गेली, ती तर एका चोरलेल्या पासवर्डने. तिथे कुठल्याही शाळेतला बॉक्स काही करू शकला नसता. त्यामुळे बजेट तुटपुंजं असेल तर माझा क्रम असा: आधी ऑफिसच्या सगळ्या ईमेलना टू-स्टेप व्हेरिफिकेशन, मग दाखले आणि फीच्या डेटाचा एक बॅकअप वायर काढून कपाटात, मग मॅनेज्ड स्विच, आणि त्यानंतर फायरवॉल. व्हेंडरला हा क्रम आवडणार नाही, कारण पहिल्या दोन गोष्टींत त्याला फारसं सुटत नाही.

शेवटी एक अट कोटेशनवर सही करण्याआधी लेखी घ्या: बॉक्सचा ॲडमिन पासवर्ड संस्थेकडे, बंद पाकिटात, चिटणीसांच्या कपाटात राहील. आमच्या एका बॉक्सचा तो व्हेंडरकडेच होता. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपली आणि एका शाळेचं नेट अडलं, तेव्हा त्याने अकरा दिवस फोन उचलला नाही.